फेरेट: बघायचं, कळवायचं, मागे फिरायचं

नमस्कार मंडळी. आज एका छोट्याशा लष्करी गाडीबद्दल बोलायचंय. फेरेट तिचं नाव, ब्रिटिश आर्मीची स्काउट कार. रणगाडा म्हटलं की आपल्याला तोफ आठवते, पण पुढे कोण दबा धरून बसलंय हे सैन्याला आधी कळायला लागतं ना, आणि ते बघायला सगळ्यांच्या पुढे जी दोन माणसं जातात, एक ड्रायव्हर आणि एक कमांडर, त्यांच्यासाठी ही गाडी. कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात ४४०० च्या वर फेरेट बनवल्या.

लांबी आपल्या स्विफ्टएवढी, वजन मात्र चार टनांच्या आसपास. चिलखत ६ ते १६ मिलिमीटर, म्हणजे रायफलची गोळी अडेल, तोफगोळा नाही. वर हाताने फिरवायचा टरेट, म्हणजे गोल फिरणारा चिलखती घुमट, आणि त्यात एक मशिनगन, बास. एवढ्यावर लढाई करायची नसतेच, बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि निघायचं.

आणि या निघण्याचीच सोय इतकी भारी केलीय! पाच गिअर पुढे आणि तेच पाच मागे. अरुंद रस्त्यावर समोरून फायरिंग सुरू झालं तर गाडी वळवत बसायची नाही, रिव्हर्सचा लिव्हर टाकायचा आणि आलात तसे सुसाट मागे, जाड चिलखताचं तोंड शत्रूकडेच. पण ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही हो, कमांडर वर उभा राहून मागे बघत इंटरकॉमवर सांगतो, डावीकडे घे, सरळ, अजून सरळ, आणि ड्रायव्हर नुसत्या त्या आवाजावर चार टनांची गाडी पळवतो. गिअरचंही वेगळंच, पुढचा गिअर आधी निवडून ठेवायचा, मग क्लचच्या जागी असलेलं पेडल पूर्ण दाबलं की तो पडतो, अर्धवट दाबलं तर पेडल उसळून पायावर येतं, त्यामुळे पाय ठामच पडला पाहिजे.

मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, रबराच्या मळ्यांमधल्या रस्त्यांवर कॉन्व्हॉयच्या सोबत फेरेट असायच्या, मग आजच्या येमेनमधलं एडन, तिथे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सुरुंगांची भीती, एवढ्या हलक्या गाडीला सुरुंग फार महागात पडतो.

सायप्रसचं मात्र आवर्जून सांगतो. १९६४ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमध्ये शांतता राखायला युनोची फौज गेली आणि याच फेरेट पांढऱ्या रंगात गस्त घालायला लागल्या. आता इथे लपायचं नव्हतं, उलट दोन्ही बाजूंना लांबूनच दिसायला हवं होतं की युनोवाले आलेत. त्या फौजेचे पहिले कमांडर आपले जनरल ग्यानी, त्यांच्यानंतर जनरल थिमय्या, जे डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच ड्युटीवर असताना वारले. हे आपल्याकडे जास्त लोकांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

फेरेट भारतीय लष्करानेही वापरली, आणि १९९१ च्या आखाती युद्धातही ब्रिटिशांनी काही नेल्या होत्या, म्हणजे कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाल्यावर!

तुमच्यापैकी कोणी नगरकडे गेलात तर तिथलं रणगाडा संग्रहालय बघाच. फेरेटच्या कितीतरी आधीची रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट आर्मर्ड कार तिथे आहे, मुलांना दाखवा, आणि आतल्या माणसाला बाहेरचं कितीसं दिसत असेल ते जवळून बघा.