डाव्या कडेवरचा विली

(पडद्यावर: टेबलावर एक काळी रबरी चकती)

ही पक, आइस हॉकीतला चेंडूच म्हणा. कडक रबराची चकती, व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर न उसळता सरळ घसरते. गोठलेली पक हातात घेतली की दगड धरल्यासारखं वाटतं.

१९५५-५६च्या मोसमात कॅनडातल्या किचनरच्या ज्युनियर संघाकडून खेळताना अशीच एक पक विली ओरीच्या उजव्या डोळ्यावर बसली. हेल्मेट घालायची तेव्हा पद्धतच नव्हती. त्या डोळ्याची नजर जवळजवळ सगळी गेली. तुझी हॉकी संपली, असं डॉक्टरांनी सांगितलं. विली जेमतेम विशीचा. काही आठवड्यांतच तो पुन्हा बर्फावर उतरला, आणि डोळ्याबद्दल संघात चकार शब्द काढला नाही. एका डोळ्याने दिसत नसलेल्या खेळाडूला एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगच्या, नियमाने खेळायची मुभा नव्हती.

आपल्याला इथे पतौडी आठवतात. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांचाही उजवाच डोळा गेला, आणि पुढच्याच वर्षी ते भारताचे कर्णधार झाले. पण पतौडींचं सगळ्या जगाला ठाऊक होतं. विलीने त्याचं दुखणं कारकीर्दभर लपवलं. विक्रमांच्या यादीत तो ‘एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय’ एवढ्या एका ओळीत मावतो. ती ओळ मोठीच आहे. पण त्याचा खेळ समजून घ्यायचा तर त्या डोळ्यापासूनच सुरुवात करायला हवी.

(पडद्यावर: हिवाळ्यातलं फ्रेडरिक्टन)

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातलं फ्रेडरिक्टन. विलीचा १५ ऑक्टोबर १९३५ चा जन्म, १३ भावंडांतलं शेंडेफळ. गावात कृष्णवर्णीयांची घरं मोजकीच. थंडी पडली की वडील परसात नळीने पाणी सोडायचे, ते गोठलं की पोरांचं मैदान तयार. विली बेसबॉलही उत्तम खेळायचा. १९४९ मध्ये संघाबरोबर ब्रुकलिनला गेला असताना त्याला जॅकी रॉबिन्सन भेटला. मेजर लीग बेसबॉलचं गोऱ्यांपुरतं ठेवलेलं दार दोनच वर्षांपूर्वी उघडणारा रॉबिन्सन! पोराने त्याला सांगितलं, मी हॉकीही खेळतो. काळी मुलं हॉकी खेळतात, याचंच रॉबिन्सनला नवल वाटलं.

१९५६ मध्ये बेसबॉलच्या निवड शिबिरासाठी विली अमेरिकेतल्या जॉर्जियात गेला. तिथे पिण्याच्या पाण्यापासून बसच्या आसनापर्यंत सगळं रंगावर ठरायचं. परतताना त्याने बेसबॉल मनातून काढून टाकलं.

(पडद्यावर: हॉकीच्या रिंकची आकृती)

आता जरा उजवा डोळा हाताने झाका.

विली फॉरवर्ड होता, आणि खेळायचा डाव्या कडेला. म्हणजे डाव्या हाताला रिंकची, बर्फाच्या मैदानाची, भिंत, आणि सगळा खेळ उजवीकडे. पक उजवीकडून येणार, अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धीही उजवीकडूनच. तुम्ही झाकलात, नेमक्या त्याच बाजूने. पास घ्यायचा तर विलीला मान पार उजव्या खांद्यावर वळवून डाव्या डोळ्याने बघावं लागे, तेही सुसाट वेगात. एका मोसमात ही मान किती हजार वेळा वळली असेल!

(पडद्यावर: मॉन्ट्रियल शहर, जुनं छायाचित्र)

१८ जानेवारी १९५८, शनिवार. एनएचएलमधला बॉस्टन ब्रुइन्स हा संघ मॉन्ट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये तिथल्या कॅनेडियन्स संघाशी खेळायला आला होता. ब्रुइन्सचे खेळाडू कमी पडत होते, म्हणून खालच्या लीगमधल्या क्वेबेक एसेस या संघातून विलीला बोलावून घेतलं. एनएचएलमध्ये तेव्हा अवघे सहा संघ. ब्रुइन्स ३-० ने जिंकले. आपण इतिहास घडवला, हे विलीला कळलं दुसऱ्या दिवशी, वर्तमानपत्र वाचून.

इथे हर्ब कार्नेगीचं नाव घ्यायलाच हवं. याच क्वेबेक एसेसमध्ये विलीच्या आधी, जाँ बेलिव्होसारख्या दिग्गजाच्या बरोबरीने खेळलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला एनएचएलचा एकही सामना मिळाला नाही.

त्या वर्षी विली दोनच सामने खेळला. १९६०-६१ मध्ये मात्र ४३. पहिला गोल १ जानेवारी १९६१ ला, पुन्हा मॉन्ट्रियलविरुद्ध, या वेळी बॉस्टनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. शिव्या बहुतेक अमेरिकेतल्या शहरांत ऐकाव्या लागत. शिकागोत एका प्रतिस्पर्ध्याने स्टिकचं टोक तोंडावर मारून त्याचे पुढचे दात पाडले. विलीने तिथल्या तिथे उत्तर दिलं.

मोसम संपला आणि ब्रुइन्सने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. एकूण ४५ सामने, ४ गोल, १० असिस्ट (म्हणजे गोलला हातभार लावणारे पास). पुन्हा एनएचएल नाही.

(पडद्यावर: लॉस एंजेलिस)

आणि मग लॉस एंजेलिस ब्लेड्स. वेस्टर्न हॉकी लीगमधला संघ. डाव्या कडेला खेळणारे जास्त झाले, तेव्हा प्रशिक्षक अल्फ पाइक यांनी विलीला उजव्या कडेला जायला सांगितलं. आकृती पुन्हा बघा. आता निकामी डोळ्याकडे भिंत, आणि अख्खा रिंक डाव्या डोळ्यासमोर! स्टिक डावखुरी असल्याने पास उलट्या बाजूने घ्यावे लागत, पण मान वळवणं संपलं. १९६४-६५ मध्ये ३८ गोल. १९६८-६९ मध्ये सॅन डिएगो गल्सकडून पुन्हा ३८.

मला हा भाग फार लागतो. ही अदलाबदल बॉस्टनमध्येच झाली असती तर? पण सुचवणार कोण? डोळ्याचं कुणाला माहीतच नव्हतं, आणि विलीने सांगितलं असतं तर त्याला बाहेरच काढलं असतं.

तो १९७९ पर्यंत खेळला. एनएचएलमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, १९७४ मध्ये आला. मधली १३ वर्षं कुणीच नाही. निवृत्तीनंतर विलीने सुरक्षारक्षकाची नोकरी केली. १९९८ पासून लीगतर्फे तो गावोगावच्या रिंकवर जाऊ लागला, हॉकीकडे सहसा न वळणाऱ्या मुलांना बर्फावर आणू लागला. २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते या कामासाठी, ‘खेळ घडवणाऱ्यांच्या’ गटात.

(पडद्यावर: बॉस्टनचं टीडी गार्डन, छताकडे जाणारा २२ क्रमांक)

१८ जानेवारी २०२२. पहिल्या सामन्याला बरोबर ६४ वर्षं. ब्रुइन्सने त्याचा २२ क्रमांक कायमचा निवृत्त केला, म्हणजे संघात तो जर्सी क्रमांक पुन्हा कुणाला मिळणार नाही. करोनामुळे विलीला बॉस्टनला जाता आलं नाही. ८६ वर्षांचा विली दुरूनच, पडद्यावर, तो क्रमांक वर चढताना पाहत होता.