पक्षनिष्ठा आणि तापीकाठचे हवामान

मित्रहो,

जळगावात हवामानबदलावर बोलायचे तर वक्त्याने तापमानाच्या आकड्यांपासून सुरुवात करावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र राजकीय पक्षांपासून सुरुवात करणार आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की केळीच्या बागेचे काय होते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. समजून घ्यायचे आहे ते वेगळेच. एकाच शिवारात राबणारी, एकच अवकाळी आणि एकच गारपीट सोसणारी माणसे त्यामागचे कारण आणि त्यावरचा उपाय यांविषयी आपापल्या पक्षाच्या बाजूने बोलू लागतात, ती का?

विज्ञानाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण मूळ मुद्द्यावर आता शास्त्रज्ञांमध्ये वाद राहिलेला नाही. कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता अडवून धरतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत दाखवले. कोळसा जाळून हवेतील या वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० भागांच्या वर गेला आहे. भारताच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. यातली कोणतीही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात ठरलेली नाही.

तरीही एका मोठ्या लोकशाहीत हा प्रश्न पक्षाचा झाला, आणि तो कसा झाला हे आपण नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष पूर्वीपासून पर्यावरणाच्या विरोधात होता, हा समज खरा नाही. तिथली पर्यावरण संरक्षण संस्था १९७० साली स्थापन झाली ती रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात. १९८८ च्या जून महिन्यात जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीविषयी साक्ष दिली आणि चार वर्षांनी, १९९२ साली, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारावर सही केली ती थोरल्या जॉर्ज बुश यांनी, म्हणजे पुन्हा रिपब्लिकन अध्यक्षांनीच. २००८ सालच्या निवडणुकीत त्या पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालण्याचे धोरण उघडपणे मांडले होते. पुढच्याच वर्षी तशा मर्यादेचे विधेयक प्रतिनिधीगृहात आले तेव्हा ते २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले, पण त्याच्या बाजूने रिपब्लिकन सदस्य उभे राहिले अवघे आठ. दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस यांनी त्या विधेयकाच्या विरोधातच मत दिले होते; पण हवामानबदल खरा आहे आणि त्यावर काही केले पाहिजे असे ते बोलू लागले होते, आणि २०१० साली स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. त्यांच्या पराभवाची इतरही कारणे होती, परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून काय बोध घेतला असेल हे सांगायला नको.

या वीस वर्षांत विज्ञान उलटले नव्हते, उलट पुरावा वाढतच गेला होता. बदलले ते एवढेच, की हवामानाविषयीचे मत ही पक्षातल्या माणसाची ओळख होऊन बसली. त्यामागे खनिज तेल आणि कोळसा उद्योगांचा पैसा होता, हे खरेच आहे. पण केवळ पैशावर बोट ठेवून थांबलो तर सामान्य मतदार त्यात का सामील झाला याचे उत्तर मिळत नाही.

ते उत्तर शोधण्यासाठी दोन अभ्यास फार उपयोगी आहेत. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांसमोर समाजकल्याणाच्या योजना ठेवल्या. काही उदार होत्या, काही हात आखडता घेणाऱ्या होत्या. योजनेला कोणत्या पक्षाचा पाठिंबा आहे हे सांगताच विद्यार्थ्यांनी योजनेचा मजकूर बाजूला ठेवून आपल्या पक्षाचा कौल उचलला. एवढ्यावर ते थांबले असते तरी समजण्यासारखे होते. पण आपण पक्षाकडे पाहिलेच नाही, योजनेच्या गुणदोषांवरूनच ठरवले, असे त्यांनी मनापासून सांगितले; विरोधक मात्र पक्षाच्या प्रभावाखाली आहेत, असेही त्यांचे म्हणणे होते. दुसरा अभ्यास डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१२ सालचा. विज्ञान आणि गणित ज्यांना अधिक कळते त्यांच्यात हवामानाबाबत एकमत अधिक असेल, अशी आपली अपेक्षा असते. कहान यांना आढळले ते याच्या उलट: जाण वाढेल तशी दोन बाजूंमधली दरी रुंदावत होती, कारण हुशार माणूस आपल्या गटाची बाजू अधिक हुशारीने मांडू शकतो.

म्हणून माहितीपत्रके वाटून किंवा शाळेत भित्तिचित्रे लावून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. माणूस मत बदलायला कचरतो तो अज्ञानामुळे नव्हे, तर मत बदलले की आपली माणसे दुरावतील या भीतीमुळे. ही भीती आपल्या खान्देशात कोणाला परकी आहे? इथे पक्ष हा केवळ मतदानाच्या दिवसापुरता नसतो. विविध कार्यकारी सोसायटीतील कर्ज, बाजार समितीतील ओळख, दूध संघाचा संचालक, मुलाची बदली, आजारपणात मुंबईला फोन करणारा नेता, लग्नाच्या पत्रिकेत छापलेले प्रेषक हे सगळे पक्षाच्या धाग्याने बांधलेले असते. ज्या कार्यकर्त्याने वीस वर्षे एका झेंड्याखाली सतरंज्या उचलल्या, त्याने एका संध्याकाळी पारावर बसून ‘या बाबतीत आपला पक्ष चुकतो आहे’ असे म्हणणे ही साधी गोष्ट नाही. अशा माणसाला अंधभक्त किंवा गुलाम म्हणून हिणवणारे लोक त्याला पक्षाच्या अधिकच जवळ ढकलतात, आणि मला हे हिणवणे अन्यायाचे वाटते.

आपल्या देशाचे एक सुदैव आहे. हवामानबदल खोटा आहे, असे म्हणून मते मागणारा एकही मोठा पक्ष भारतात नाही. १९७२ साली स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधी यांनी गरीब देशांच्या वतीने विकास आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार मांडला. २००८ साली मनमोहन सिंग सरकारने आठ मोहिमांचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यातली एक मोहीम सौरऊर्जेची होती. नरेंद्र मोदी सरकारने ती सौरऊर्जेची वाट सोडली नाही, रुंद केली. २०१५ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा झाली आणि २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत सोडला जाईल तेवढाच कार्बन शोषून घेण्याचे, उद्दिष्ट जाहीर झाले. आपले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि श्रीमंत देशांनी आधी भार उचलावा, ही भूमिका दिल्लीत सत्ता कोणाचीही असो, कायम राहिली आहे.

मग आपल्याकडे पक्षनिष्ठा आड कुठे येते? ती येते योजनेच्या पाटीवर. गावातच पाणी अडवून जिरवण्याचे जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. २०२० साली महालेखापरीक्षकांच्या अहवालात त्यावर गंभीर आक्षेप आले, तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने चौकशीचा निर्णय घेतला, आणि २०२२ साली पुन्हा सरकार बदलल्यावर योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. या साऱ्या काळात गावोगावी चर्चा झाली ती योजना कोणाची याची. नाल्यात किती पाणी थांबले, ते किती महिने टिकले, विहिरीची पातळी मार्चमध्ये कुठे होती, हे मोजून सांगणारी माणसे फार थोडी होती. महालेखापरीक्षकांचा आक्षेप नेमका हाच होता, की पाण्याचा ताळेबंद आणि भूजलाची वाढ अपेक्षेप्रमाणे दिसत नाही. तो आक्षेप एका बाजूने शस्त्र म्हणून वापरला, दुसऱ्या बाजूने बदनामी म्हणून झटकला, आणि मोजणी तशीच राहिली.

याच्या शेजारी धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे उदाहरण ठेवा. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधले गेले. या कामामागे उभे राहिलेले अमरिशभाई पटेल तेव्हा काँग्रेसमध्ये होते आणि पुढे भाजपमध्ये गेले. नेत्याचा पक्ष बदलला म्हणून बंधाऱ्यातले पाणी मुरण्याचे थांबले नाही. या पद्धतीवर भूजल अभ्यासकांचे आक्षेप आहेत, प्रमाणाबाहेर खोदाईने जमिनीखालच्या थरांना धोका पोहोचतो असे ते म्हणतात, आणि ते आक्षेप ऐकलेच पाहिजेत. पण तो वाद खडकाचा, मातीच्या थराचा आणि पावसाचा आहे; असा वाद गावात झाला तर मला आनंद आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे जंगल चैत्राम पवार आणि तिथल्या ग्रामस्थांनी राखले. ते पाहायला जाणारा माणूस आधी त्यांची विचारसरणी विचारून मग झाडांकडे पाहू लागला, तर नुकसान पाहणाऱ्याचे आहे.

खरे मतभेद झाकावेत असे मी म्हणत नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रावर ज्यांची चूल पेटते, त्या कुटुंबाला कोळसा बंद करण्याच्या गोष्टी ऐकून धसका बसणारच. साक्रीचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या हे आपल्याच मुलखातले भविष्य आहे, पण तिथे मिळणारा रोजगार दीपनगरच्या कामगाराला आपोआप मिळत नाही. भार कोणी उचलावा, भरपाई कोणी द्यावी, जमीन कोणाची जावी, या प्रश्नांवर पक्षांनी जरूर भांडावे. पक्ष त्यासाठीच असतात. पारा चढतो आहे की नाही, यावर भांडण्यात मात्र काही अर्थ नाही.

आता माझे मुख्य म्हणणे. पुष्कळ सज्जन लोक सांगतात की हवामानाच्या प्रश्नावर पक्ष सोडून विचार करा. मी म्हणतो, पक्ष सोडू नका. जो पक्षाबाहेर आहे त्याचे बोलणे पक्ष ऐकत नाही, आणि जो विरोधात आहे त्याचे तर मुळीच नाही. पक्षाला वळवू शकतो तो पक्षाचा निष्ठावान माणूस. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. त्याच अधिवेशनात पक्षाने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला: जमिनीचा सारा आणि कुळाने द्यायचा खंड कमी करणे, कर्जाचे ओझे हलके करणे, शेतमजुराला रास्त मजुरी. शेतकऱ्याचे प्रश्न त्या मांडवात पोहोचले ते पक्षाच्या आतल्या माणसांनी लावून धरल्यामुळे.

हे नेहमीच साधते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली अमेरिकेतील अठरा रिपब्लिकन खासदारांनी स्वच्छ ऊर्जेच्या करसवलती सरसकट रद्द करू नयेत असे पत्र आपल्याच सभापतींना लिहिले होते, कारण त्यांच्या मतदारसंघात कारखाने येत होते. २०२५ साली त्या सवलतींना मोठी कात्री लावणारा कायदा आला, तेव्हा त्यांच्यापैकी सभागृहात उरलेल्या बहुतेकांनी पक्षाच्याच बाजूने मत दिले. पत्र लिहिणे सोपे असते, मतदानाच्या वेळी एकटे उभे राहणे कठीण. म्हणून आतला आवाज एकट्याचा असून चालत नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीवाल्यांनी, धुळ्याच्या कोरडवाहू कापूसवाल्यांनी आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसांनी आपापल्या पक्षात संख्येने बोलले पाहिजे.

काय बोलावे, तर हवामानावर आधारित फळपीक विम्यापासून सुरुवात करावी. थंडीत केळीला चरका बसतो, उन्हाळ्यात बाग होरपळते, वादळात निसवलेली, म्हणजे घड धरलेली, झाडे आडवी होतात; भरपाई मात्र महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. ती नोंद आपल्या बागेतल्या अनुभवाशी जुळते का, केंद्र कुठे उभे केले आहे, निकष बदलत्या हवामानाप्रमाणे पुन्हा तपासले जातात का, हे प्रश्न सर्व पक्षांच्या शेतकऱ्यांचे सारखेच आहेत. उन्हाळ्यात शेतमजुरांच्या कामाच्या वेळा आणि सावलीची सोय, बंधाऱ्यांच्या पाण्याची दरवर्षीची मोजणी, सौर प्रकल्पाला जमीन देणाऱ्याच्या कराराच्या अटी हेही त्यात येतात. या सभागृहात जे कार्यकर्ते बसले आहेत त्यांनी आपापल्या पक्षाच्या तालुका बैठकीत हे विषय लेखी ठराव म्हणून मांडावेत, सूचक आणि अनुमोदक म्हणून आपली नावे त्यावर घालावीत, ठराव जिल्ह्याकडे गेला का हे विचारावे, आणि पुढच्या जाहीरनाम्यात त्यातले काय उतरले व काय गळले याचा जाब आपल्याच नेत्याला, सर्वांसमक्ष, विचारावा.