पगारपत्रकातले दोनशे रुपये

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांनी आपलं पगारपत्रक जरा डोळ्यांसमोर आणा. कपातीच्या रकान्यात एक लहानशी ओळ असते: व्यवसाय कर. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे होतात २५००. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ने या करावर वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती गाठण्यासाठी फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त घेतात. हे पैसे कशासाठी कापतात, हे नोकरी लागल्यावर बरीच वर्षं मला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मला माझी आजी आठवली.

१९७२च्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर जात होती. ती सांगायची, खणताना खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खांब तसाच उभा ठेवायचे. आठवडा भरला की माप घेणारा यायचा, त्या खांबाला टेप लावायचा आणि किती खोल खणलं ते वहीत लिहायचा. त्या मापावर मजुरी. म्हणून त्या खांबाला कुणाचा धक्का लागू नये यासाठी बायका जिवाचं रान करायच्या. रात्री पाऊस येऊन तो ढासळला तर? पाऊस हवाही होता आणि त्या एका रात्री नकोही होता. मग मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा आणि हातात आठवड्याचा पगार. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती आजी पदरात बांधून आमच्या वडिलांसाठी घरी आणायची.

त्या कामांमागे एका माणसाचा ध्यास होता. वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावं, ही कल्पना त्यांनी १९६०च्या दशकातच मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली होती आणि विसापूर गावात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळ आला आणि रोजगार हमी योजना राज्यभर गेली.

पण श्रोतेहो, दुष्काळ सरला की दुष्काळी कामंही बंद पडतात, हा आपला जुना अनुभव. त्याचं कारण अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. राज्याचा अर्थसंकल्प एका वर्षाचा असतो. प्रत्येक खातं विधिमंडळापुढे आपल्या अनुदानाच्या मागण्या ठेवतं, त्या मंजूर होतात, विनियोजन विधेयक संमत होतं, तेव्हा कुठे तिजोरीतून पैसा निघतो. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर ती मंजुरी संपते. शिवाय पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांत मोठा वाटा आधीच बांधलेला असतो. व्याजाचा खर्च तर 'भारित', त्यावर सभागृहात मतदानसुद्धा होत नाही. उरलेल्या पैशासाठी रस्ते, दवाखाने, शाळा, पाणी असे सगळेच रांगेत. या रांगेत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. खडी फोडणाऱ्या बाईचा आवाज मुंबईपर्यंत कसा पोचावा?

यावर महाराष्ट्राने जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. मोटार वाहनं, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही याच कामासाठी थोडा थोडा जादा कर बसवला. मग १९७७चा रोजगार हमी कायदा, जो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. त्यात वेगळा रोजगार हमी निधी ठेवला आणि या करांतून जेवढं जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची, असं ठरवलं. पगारदाराचा एक रुपया, सरकारचा एक रुपया.

आता 'मागणी' या शब्दाकडे पाहा. अर्थसंकल्पात मागणी करतं ते खातं. या कायद्याने मागणीचा हक्क मजुराला दिला. त्याने काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे खर्च किती होणार, ते मंत्रालयातला अधिकारी एकटा ठरवू शकत नव्हता; गावात किती हात रिकामे आहेत त्यावरही ते ठरत होतं. आधी गरज, मग तरतूद. देशात तोवर कुठल्याच राज्याने असा कायदा केला नव्हता. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा पुढे वाट दाखवायला महाराष्ट्राची पावलं होती.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. कर जमा व्हायचा, पण तेवढा खर्च व्हायचा नाही, ही तक्रार अभ्यासकांनी कितीतरी वेळा मांडली. मजुरी थकायची. आमच्याच गावात एका उन्हाळ्यात लोकांनी तोंडी काम मागितलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. कामही नाही, भत्ताही नाही. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, 'मागणीच नोंदलेली नाही.' आणि ते खरं होतं, कारण कागदावर काहीच नव्हतं. त्यातली चार घरं उसतोडीला गेली, पोरं शाळेतून काढून. मला आजही त्याचा राग येतो. पैसा कायद्याने बांधून ठेवला होता, फक्त एक कागद कमी पडला.

म्हणून गावाकडे ऐकत असलेल्या माझ्या भावाबहिणींना हात जोडून सांगतो: काम हवं असेल तर अर्ज लेखीच द्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या आणि खाली अंगठा करा. अर्ज दिल्यावर पोच मागा, 'नंतर देतो' म्हणाले तर तिथेच थांबा. त्या पोचेवर तारीख आहे का, ते बघूनच पायरी उतरा. दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.

नमस्कार.