उमेदवार कुणी ठरवायचा?

मंडळी, विषय तुम्ही फळ्यावर वाचलाच आहे, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरतो आणि त्यात चांगलं काय, वाईट काय. निवडणूक कशी होते ते नव्हं, उमेदवार कसा ठरतो ते. आपल्याकडं सगळी चर्चा मतदानाच्या दिवसाची, पण निम्मी निवड त्याच्या आधीच उरकलेली असते आणि तिथं आपल्याला कोण विचारतच नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

आमच्या पेठेतलंच सांगतो, नावं घेत नाही, पक्षाचंही नाही. एक कार्यकर्ता, 2019 च्या महापुरात लोकांना बोटीतनं बाहेर काढणारा, 2021 ला परत तेच, पाणी ओसरल्यावर तालमीची पोरं घेऊन घराघरातला चिखल उपसणारा. महापालिकेला तिकीट त्यालाच, असं सगळी गल्ली धरून चाललेली. अर्जाचा शेवटचा दिवस, तीनची वेळ, अर्ज भरलेला, सूचक हजर, फक्त पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे आमचा अधिकृत उमेदवार हाच असं पक्षाचं पत्र, यायचं बाकी. मुंबईतनं निघालाय म्हणे, मग कराड सोडलं म्हणे, पोरं गेटवर रस्त्याकडं डोळे लावून उभी. अडीचला फॉर्म आला आणि त्यावर नाव कुणाचं, तर नुकत्याच पक्षात आलेल्या माणसाचं! त्या कार्यकर्त्याची आई मला म्हणाली, "सर, हे ठरवलं कुणी?" काय सांगणार? उमेदवार सभासदांच्या मतानं ठरवा असं आपला कायदा पक्षांना कुठंच सांगत नाही. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांचं मतदान घेऊन बघितलं, पण ते काही रुजलं नाही.

अमेरिकेतही आधी हेच होतं बरं का. 1968 ला हम्फ्री एकही प्रायमरी, म्हणजे राज्याराज्यांत उमेदवार ठरवायचं मतदान, न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोत पक्षाचं अधिवेशन चालू असताना बाहेर रस्त्यावर पोरं मार खात होती. त्या रागातनं नियम बदलले आणि 1972 पासनं प्रायमरीला खरं वजन आलं. आयोवा राज्याचा कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवायची सगळ्यात आधीची सभा, मला लई आवडायचा. जानेवारी-फेब्रुवारीची कडाक्याची थंडी, संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये गावातली माणसं जमायची, ह्या कोपऱ्यात ह्याचे, त्या कोपऱ्यात त्याचे, मग डोकी मोजायची. पंधरा टक्के भरले नाहीत तर तो गट फुटला, की लगेच शेजारचे येऊन "आमच्याकडं या" म्हणून गळ घालणार. डेमोक्रॅट 2020 पर्यंत असं करायचे. उमेदवार ठरवताना शेजारी शेजाऱ्याशी तोंडावर बोलतोय, हे आपल्याकडं कधी बघितलंय का सांगा?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत, त्यामुळं भराभर सांगतो.

चांगलं हे, की वरच्यांची मर्जी नसलेला माणूसही पुढं येतो. जॉर्जियात भुईमूग पिकवणारे कार्टर 1976 ला असेच वर आले, 2008 ला ओबामांनी आयोवा मारलं आणि हिलरींचं गणित कोलमडलं. वाईट बाजूही मोठी आहे. आयोवाची लोकसंख्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी, साधारण बत्तीस लाख, आणि तिथं मागं पडलेला उमेदवार बरेचदा पुढच्या राज्यांत पोचायच्या आधीच पैसा आटून घरी बसतो. 2016 ला दोन्ही पक्षांत चुरस असूनही प्रायमरीला मतदान तीस टक्क्यांच्या आतच, आणि रिपब्लिकनांत सतरा जण उभे, मतं फुटली, त्यामुळं निम्मी मतं नसतानाही ट्रम्प उमेदवार झाले. 1972 ला प्रायमरी जिंकलेले डेमोक्रॅट मॅकगव्हर्न नोव्हेंबरात 49 राज्यांत आपटले, म्हणून पुढं पक्षानं पुढाऱ्यांना सुपरडेलिगेट, म्हणजे न निवडता आलेले प्रतिनिधी, करून अधिवेशनात मताचा हक्क दिला, त्यावर ओरड झाली तेव्हा 2018 ला तिथल्या मतदानाच्या पहिल्या फेरीतनं त्यांना बाजूला काढलं. आणि 2024 च्या जुलैत बायडन यांनी माघार घेतल्यावर हॅरिस यांची उमेदवारी राज्याराज्यांतल्या पक्षप्रतिनिधींनीच ठरवली, त्यांच्यासाठी नवी प्रायमरी झाली नाही. एवढी मोडतोड होऊनसुद्धा मी त्यांचीच पद्धत घेईन, कारण कुणी ठरवलं ह्याला तिथं बहुतेकदा उत्तर असतं.

आपल्यासाठी मागणी एवढीच. अर्ज भरायच्या आधी प्रत्येक प्रभागात पक्षाच्या सभासदांचं गुप्त मतदान व्हावं, आणि सभासदांची यादी वर्षभर आधी बंद करून कार्यालयाच्या भिंतीवर लावावी, नाहीतर मतदानाच्या आदल्या रात्री ट्रॅक्स भरभरून नवे सभासद येणार.