पाठीमागे पडणारी दोरी

मित्रहो, फ्लाय फिशिंगमध्ये नम्रता हवी असं म्हटलं की तो संस्काराचा विषय वाटतो. मला तो आधी तंत्राचा विषय वाटतो.

साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचं वजन आमिष लांब नेतं. फ्लाय म्हणजे किड्यासारखी दिसावी म्हणून गळावर बांधलेली पिसं आणि धागा, तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून इथे वजन दोरीला असतं आणि फेकायची ती दोरीच. आधी डोक्यावरून मागे नेऊन ती सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. घाई झाली तर चाबकासारखा आवाज होतो, कधी फ्लायच तुटते. उशीर झाला तर दोरी मागच्या गवतात पडते. मेख अशी, की आपले डोळे पाण्याकडे लागलेले असतात आणि चूक पाठीमागे घडते. पुढे पाण्यावरही तेच. प्रवाह दोरी ओढतो, फ्लाय आसपासच्या पाण्यापेक्षा किंचित वेगळ्या गतीने सरकते आणि ट्राउट, म्हणजे थंड नद्यांतला मासा, तिच्याकडे पाठ फिरवतो. आपल्याला ते सरकणं बरेचदा दिसतही नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणकाराला ते दोरी कशी वाकली आहे त्यावरून कळतं. स्वतःच्या चुका स्वतःला न दिसणाऱ्या या कलेत दुसऱ्याची नजर उसनी घ्यावीच लागते.

अमेरिकेतले लेफ्टी क्रे पुढे जगभर कास्टिंगचे, म्हणजे दोरी फेकण्याच्या कलेचे, गुरू म्हणून ओळखले गेले. 1947 मध्ये मात्र ते मेरीलँडमधले, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तरुण होते. साध्या रॉड-रीळवर बास जातीचे मासे पकडण्यात त्यांचं आपल्या भागात नाव होतं. त्या वर्षी मासेमारीवर लिहिणारे जो ब्रूक्स त्यांच्यासोबत पोटोमॅक नदीवर आले आणि त्यांनी फ्लाय रॉड काढला. पाण्यावर पडलेल्या उडत्या मुंग्या मासे टिपत होते. पाण्यावर वलय उठलं की ब्रूक्स तिथे फ्लाय टाकत आणि मासा घेत. क्रे यांनी ते पाहिलं आणि मला हे शिकायचं आहे, म्हणून ब्रूक्स यांना भेटायला बाल्टिमोर गाठलं. ब्रूक्स यांनीच त्यांना सामान निवडून दिलं आणि कास्टिंगचा पहिला धडाही दिला. ज्याचं आपल्या गावात नाव आहे, अशा माणसाला हे जड जातं. मला क्रे यांचं मोठेपण तिथे दिसतं. पुढे 1960 च्या दशकात त्यांनी गुरूंनी शिकवलेली, रॉड घड्याळाच्या ठरावीक आकड्यांदरम्यानच हलवायची आखूड फेक बाजूला ठेवून लांब हालचालीची पद्धत मांडली. आधी नीट शिकले, म्हणूनच कुठे बदल हवा ते त्यांना कळलं.

इंग्लंडमधली गोष्ट मला त्याहून जवळची आहे. जी. ई. एम. स्क्यूज हे व्यवसायाने वकील. निम्फ म्हणजे पाण्याखाली वाढणारं कीटकाचं पिल्लू; त्याच्यासारख्या, पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायने ट्राउट पकडण्याचा पुरस्कार त्यांनी 1910 मध्ये पुस्तकातून केला आणि कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायच्या कट्टर मंडळींचा रोष ओढवून घेतला. फ्रँक सॉयर त्यांच्याहून जवळपास पन्नास वर्षांनी लहान, एव्हन नदीचे राखणदार. सॉयर रोज पाण्यात डोकावत. खरा निम्फ पोहताना पाय अंगाशी घेतो हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी बांधलेल्या निम्फला पाय नसतात. धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार, तीच बांधणार आणि तीच वजन देणार, आणि वर तित्तिरवर्गीय फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू. स्क्यूज यांचे निम्फ पृष्ठभागाजवळ चालत, सॉयर यांचे खोल जात. या विषयात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या स्क्यूज यांनी या राखणदाराशी पत्रव्यवहार ठेवला आणि त्याला लिहायला उत्तेजन दिलं. हुद्दा, वय, शिक्षण यांपैकी काहीही आडवं आलं नाही.

आपल्यापैकी बरेच जण हिमाचलात तीर्थनच्या काठी ट्राउटसाठी जातात. तिथे नदीकाठी वाढलेला वाटाड्या सोबत असेल, तर पहिला तासभर रॉड त्याच्या हातात द्या आणि त्याचे पाय बघा. तो कुठे वाकतो, कोणत्या दगडाआड थांबतो, सावली पाण्यावर पडू नये म्हणून कुठून वळसा घेतो ते पाहा. फ्लाय कोणती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘आत्ता काय दिसलं म्हणून थांबलात?’