शंभर मिलिमीटरची रेघ

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय 'घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी लेझरने कापलेले प्लॅस्टिकचे भाग' असा छापलाय. ॲक्रिलिक कोणतं घ्यायचं, सांधे कसे काढायचे, चिकटवायचं कशाने, हे सगळं सांगणार आहे. पण त्याआधी मला एका रेघेबद्दल बोलायचंय. जो भेटेल त्याला मी हे सांगत असतो, आज तुम्ही सापडलात.

आपल्याकडे सर्किट जमवणाऱ्यांची कमी नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारली की डिस्प्ले, रिले, सेन्सर सगळं पिशवीत येतं. घोडं अडतं ते पेटीपाशी. उत्तम चालणारी यंत्रं मी श्रीखंडाच्या डब्यात बसवलेली पाहिली आहेत, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटतं. कारण चांगली पेटी कापून देणारं लेझरचं मशीन आता नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानातच असतं, तालुक्याच्या गावीसुद्धा. एके काळी हे मोठ्या कारखान्यांचं काम होतं. पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनवर कुणीही वस्तू करून पाहावी अशी कार्यशाळा, उभी राहिली. आपल्या पुणे जिल्ह्यात, एका खेड्यात! याबद्दल वेगळं व्याख्यान द्यायला मला आवडेल. असो.

तर रेघ. आमच्या गटातल्या एका मुलीने सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र केलं. सोळा बाय दोनचा, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, नेहमीचा डिस्प्ले, खाली दोन एलईडी, एक बझर. डिस्प्लेचा बोर्ड ८० बाय ३६ मिलिमीटर, स्क्रूची चार भोकं ७५ आणि ३१ मिलिमीटर अंतरावर. तिने प्रत्येक माप व्हर्नियर कॅलिपरने घेतलं, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं, त्याची एसव्हीजी प्रकारची फाईल पेनड्राइव्हवर घालून दुकानात दिली. दुसऱ्या दिवशी पॅनल हातात आलं. वरचा कागद सोलला तर कडा काचेसारख्या चमकत होत्या, काम अतिशय सुबक. तिने एलईडी भोकात घातला, तो आरपार खाली पडला. डिस्प्ले ठेवून पाहिला तर भोकाचा भोकाशी मेळ नाही. मोजलं तर ७५ च्या जागी बरोबर १००.

ती दुकानात गेली. दुकानदार म्हणाले, "ताई, फाईलमध्ये आलं तसंच कापलंय." ती म्हणाली, "दादा, माझ्या स्क्रीनवर पंच्याहत्तरच आहे." दोघंही अगदी खरं बोलत होते. तरी शब्दाला शब्द वाढला, आणि नव्या शीटचे पैसे शेवटी तिलाच द्यावे लागले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला ते जड जातात हो! तिने पुढचा महिनाभर त्या यंत्राला हात लावला नाही. माझा राग दुकानदारावर नाही, मुलीवर तर नाहीच. आकड्याबरोबर एकक न पाठवणाऱ्या फाईलवर आहे.

झालं काय, तर त्या फाईलमध्ये मापं पिक्सेलमध्ये होती. एका प्रोग्रॅमच्या हिशेबी इंचाला ९६ पिक्सेल, दुसऱ्याच्या हिशेबी ७२. शहाण्णव भागिले बहात्तर, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश पट. पंच्याहत्तरचे शंभर झाले ते असे. इंकस्केप या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमने तर स्वतःचाच हिशेब ०.९२ या आवृत्तीत ९० वरून ९६ वर नेला, त्यामुळे जुन्या फाईलींचा आणखी एक घोळ. डीएक्सएफ हा ड्रॉइंग फाईलचा दुसरा प्रकार वापरा म्हणाल, तर त्याच्या जुन्या आर-१२ आवृत्तीत एककच नसतं. नुसता आकडा. तो मिलिमीटरचा की इंचाचा हे उघडणाऱ्याने ठरवायचं, आणि चुकलं तर २५.४ पट.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक फाईलमध्ये, भागांच्या बाहेर, वेगळ्या रंगात, बरोबर १०० मिलिमीटरची एक आडवी रेघ काढा आणि शेजारी लिहा, 'ही रेघ १०० मिमी, कापू नये'. दुकानात ड्रॉइंगसाठी बहुतेक कोरलड्रॉ हा प्रोग्रॅम असतो. दुकानदाराने रेघेवर क्लिक केलं की लांबी वरच्या पट्टीत दिसते. तिथे १३३.३ दिसलं, तर सगळं एकत्र निवडून ७५ टक्के करायचं. रेघ शंभरावर आली की बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. मशीन सुरू होण्याआधी, शीट वाया जाण्याआधी. फोनवर दहा मिनिटं समजावण्यापेक्षा ही रेघ मोलाची. आणि त्या दुकानदारालाही ती हवी असते, कारण गिऱ्हाइकाशी वाद त्यालाही नको असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग ठरलेला विषय भरभर घेतो.

शीट '३ एमएम' म्हणून मिळते, पण व्हर्नियर लावला तर २.७ सुद्धा निघते. खाचा काढायच्या असतील तर आधी शीट विकत घ्या, मोजा, मगच ड्रॉइंग करा. लेझर स्वतःही एक-दोन दशांश मिलिमीटर खातो, म्हणून भोक थोडं मोठं होतं आणि तुकडा थोडा लहान. घट्ट खाच हवी तर तेवढं वळतं करून घ्या. एम-३, म्हणजे तीन मिलिमीटरच्या, स्क्रूला ३.२ चं भोक ठेवा. स्क्रू फार आवळू नका, ॲक्रिलिक तडकतं. आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी कापायला सांगा, नाहीतर सुटलेला तुकडा हलतो. एकावर एक दोन रेघा राहू देऊ नका, त्याच जागी दोनदा जळतं.

सनबोर्ड, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात ती हलकी फोमची शीट, लेझरवर कापायला कुणी तयार झालं तरी तुम्ही नाही म्हणा. ते पीव्हीसी आहे. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो मशीनही खातो आणि माणसाची छातीही. सनबोर्ड राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर, कापून घ्यावा. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या कडा लेझरने पिवळ्या-काळ्या पडतात. बाजारातल्या तयार, एबीएस प्लॅस्टिकच्या पेट्यांना आपलं ड्रिल आणि कानसच बरी.

सांध्याला दुकानवाले क्लोरोफॉर्म वापरतात. सांधा छान बसतो, पण खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. कापलेल्या कडा स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

आणि काम आत्ताच टाका. गणपतीच्या आधी मखरांची गर्दी असते, तेव्हा आपल्या दोन तुकड्यांना कुणी हात लावत नाही.