थेंबाचा पडदा

नमस्कार श्रोतेहो. आज एका थेंबाची गोष्ट सांगणार आहे. तसा विषय मोठा आहे. जीवशास्त्र आणि नव्या माध्यमांतली कला एकत्र आणायची आणि त्यातून पर्यावरण शिकवायचं. नवी माध्यमं म्हणजे प्रकाश, ध्वनी, प्रोजेक्टर, संगणक. ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात २००० साली सिम्बायोटिका नावाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि कलावंत थेट जीवशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून काम करू लागले. आपल्याकडे त्याच्या किती आधी जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ बनवला होता! रोपाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं यंत्र. डोळ्यांना न दिसणारं दाखवायचं. एवढं ध्यानात ठेवा, डोळ्यांना न दिसणारं दाखवायचं.

आता थेंब. माझी धाकटी बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि थोरल्या बहिणीचा मुलगा इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सला आहे. गेल्या गणपतीत दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात या मावशी-भाच्यांनी मिळून एक खेळ मांडला. सामान काय? इंजेक्शनची सिरिंज, सुई काढलेली. भाषणात पडद्यावर बोट दाखवायला वापरतात तो हिरवा लेझर. पितळी डब्यांची उतरंड, तिच्यावर तो लेझर, आणि त्याचं बटण दाबलेलं राहावं म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा. समोर धुतलेली पांढरी चादर.

पाणी तीन ठिकाणचं. एक घरच्या माठातलं. दुसरं विश्वामित्री नदीचं. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको, पावसाळ्यात त्या अंगणापर्यंत येतात. म्हणून भाच्याने पुलावर उभं राहून दोरीला डबा बांधून पाणी वर ओढलं. तिसरं पाणी वाड्यातल्या आजींच्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीतलं. आजींना विचारून घेतलं, बरं का. त्या म्हणाल्या, "घ्या की, पण त्यात काय दिसायचंय? रोज घालते मी पाणी, अगदी स्वच्छ आहे."

आरती झाली, दिवे घालवले. सिरिंजच्या तोंडाशी एक थेंब लटकत ठेवला आणि त्यातून लेझर सोडला. थेंब गोल असतो, त्यामुळे तोच भिंगाचं काम करतो. चादर चारेक मीटरवर असली तर थेंबातल्या जिवाची सावली हजारेक पट मोठी पडते. हजार पट! पहिले दोन थेंब टपकन खाली पडले, पोरं हसली. तिसरा टिकला. माठाचं पाणी. चादरीवर हिरवा गोल, त्यात धुळीचे दोन-चार कण आणि त्यांच्याभोवती वलयं. बाकी शांत.

मग नदीचा थेंब लावला आणि अंगण गप्प झालं. वीत-वीत लांबीच्या सावल्या चादरीभर सुळकन फिरत होत्या. काही गिरक्या घेत, काही धडकून मागे सरत आणि पुन्हा वाट काढत. बहीण हळूच म्हणाली, "ही पॅरामेशियम असावीत, एकाच पेशीचे जीव." पहिलीतली एक मुलगी उठून चादरीपाशी गेली आणि एका सावलीवर तळहात ठेवला. सावली तिच्या हातावरून निघून गेली. तिने हात उलटा करून पाहिला.

इथे जरा थांबून मनातलं बोलतो. शाळाशाळांतून पर्यावरणाच्या घोषवाक्य स्पर्धा होतात. दोन हातांत धरलेली हिरवी पृथ्वी पोरं वर्षानुवर्षं रंगवतात. मला हे पटत नाही. ज्या पोराने एकही जिवंत थेंब पाहिलेला नाही त्याच्याकडून "पाणी वाचवा" लिहून घेऊन काय होणार? आणि हेही सांगतो, सणासुदीला झाडांच्या खोडांना विजेच्या माळा गुंडाळतात ते बंद व्हायला हवं. वडावर पाखरं झोपतात, त्यांना रात्र हवी.

असो. तिसरा थेंब. आजींच्या ताटलीतला. चादरीवर एकदम एक प्राणी उभा राहिला, चांगला दोन हात लांब. मोठं डोकं, अंगावर केस, आणि सगळं शरीर वळवळत इकडून तिकडे फेकणारा. मागची बाई किंचाळलीच. बहीण म्हणाली, "डासाची अळी आहे. नुकतीच अंड्यातून निघालेली, जेमतेम मिलिमीटरभर." आजी पुढच्याच खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या तुळशीखाली हे?"

दरवर्षी डेंग्यूच्या दिवसांत दारोदार माणसं येऊन सांगून जातात, ताटल्या रिकाम्या करा. पत्रकं वाटतात. आजी त्यांना दारातूनच परत पाठवायच्या, स्वच्छ घरात डास कुठले म्हणून. त्या रात्री मात्र प्रसाद घ्यायच्या आधी त्या काठी टेकत उठल्या, ताटली उचलली आणि पाणी कोरड्या फरशीवर ओतलं. सकाळी मी वाड्यात गेलो तर कठड्यावर सात ताटल्या उपड्या घातलेल्या. सात. आजींची तर एकच होती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर खोली पूर्ण अंधारी हवी, थेंब हलता कामा नये, आणि लेझर मोठ्या माणसाच्या हाती. तो कुणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये. पुन्हा सांगतो, लेझर डोळ्यांत जाता कामा नये. नदीत उतरू नका, फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी पुरतं. फुलदाणीच्या तोंडाला फडकं बांधून ठेवा म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. लेझर नको वाटला तर फोल्डस्कोप मिळतो, स्टॅनफर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला, कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक. तो साधारण १४० पट मोठं दाखवतो.

हो, आणि ती चादरीपाशी गेलेली मुलगी. उरलेलं नदीचं पाणी भाचा मोरीत ओतायला निघाला, तर तिने डबा धरून ठेवला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुलावर गेलो, डबा दोरीने खाली सोडला आणि हळूच कलता केला. खाली चिखलात एक मगर ऊन खात पडली होती, तिने मानही वळवली नाही.